प्रिय कोरियन म्युझिक कंपन्यांनो, आमचे व्ह्यूज चालतात, मग आम्ही का नाही?

हायब, एसएम, जेवायपी, वायजी आणि ज्यांची नावं घ्यायची राहिली त्या सगळ्या लहानमोठ्या कंपन्यांना,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे त्याबद्दल सॉरी वगैरे काही नाही. तुमच्या आर्टिस्टचं लाइव्ह बघताना आम्ही इतकी वर्षं सबटायटलची वाट बघत बसलोय, ती नाही आली की कुठल्यातरी अनोळखी फॅनने रात्रभर जागून केलेलं फुकटचं ट्रान्सलेशन वाचलंय, तर तुमच्याच ॲपमध्ये जे ट्रान्सलेटचं बटन आहे ते एकदा तुम्ही दाबा, काही बिघडत नाही.

विषय एकच आहे. तुम्ही प्रत्येक अवॉर्ड घेताना, प्रत्येक प्रेसनोटमध्ये, प्रत्येक ॲनिव्हर्सरीला ‘जगभरातले फॅन्स’ म्हणता ना, त्या जगात आम्ही नक्की कुठे बसतो हे मला विचारायचंय. म्हणजे आकडा म्हणून बसतो हे माहितीये. माणूस म्हणून बसतो का, हा प्रश्न आहे.

आधी पैशाचं बोलू, कारण तुमच्याशी बोलायचं तर तिथूनच सुरुवात केलेली बरी. हायबने २०२३ साली २ लाख कोटी वॉनच्या वर रेव्हेन्यू केला, कोरियन म्युझिक कंपन्यांमध्ये असं करणारी पहिली, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त पैसा कोरियाच्या बाहेरून आला. त्याच वर्षी सर्कल चार्टवर, म्हणजे कोरियातली विक्री मोजणाऱ्या यादीत, अल्बमचा आकडा ११ कोटींच्या वर गेला. कोरियाची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर. म्हणजे आजीआजोबा, पाळण्यातली बाळं आणि मिलिटरीत गेलेली पोरं सगळी धरली तरी माणशी दोन अल्बम होतात. साधा हिशोब आहे, एकतर हे अल्बम बाहेरच्या देशात जातात नाहीतर एकच माणूस पंचवीस-पंचवीस घेतो. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही तुम्हाला पक्कं माहीत आहे कारण तशी सोय तुम्हीच केलीये. एका अल्बमची चार-पाच व्हर्जन, प्रत्येकात रँडम फोटोकार्ड म्हणजे ग्रुपमधल्या कुणातरी एकाचा छोटा फोटो, वर दुकानादुकानाचं वेगळं प्रीऑर्डर गिफ्ट, आणि जितक्या कॉपी घ्याल तितका व्हिडिओ कॉल फॅनसाइनच्या, म्हणजे आर्टिस्टशी कॉलवर बोलायच्या, लकी ड्रॉमध्ये चान्स जास्त. ज्याला नंबर लागतो त्याला मिनिट-दीड मिनिट बोलायला मिळतं आणि बाजूला स्टाफ टायमर लावून उभा. २०२४ मध्ये टोकियोच्या शिबुयामध्ये सेव्हन्टीन ग्रुपच्या अल्बमचे ढीग रस्त्यावर टाकलेले फोटो आले होते, कार्ड काढून घेतली आणि बाकीचं सोडून दिलं. लोकांनी फॅन्सना शिव्या घातल्या. मला विचाराल तर अर्ध्या शिव्या तुमच्या नावावर जमा व्हायला पाहिजेत, कारण सीडी प्लेयर घरात नसलेल्या माणसाला एकच सीडी दहा वेळा विकायची आयडिया फॅनची नव्हती.

आता हेच सगळं इथून कसं दिसतं ते सांगते, कारण तुमच्या मीटिंगमधल्या कुणाला हे बघायला मिळालं असेल असं वाटत नाही.

मी ठाण्यात राहते आणि आमच्या ग्रुपची जीओ मॅनेजर आहे, म्हणजे ग्रुप ऑर्डर. एकटीने एक अल्बम मागवला तर अल्बमएवढंच शिपिंग पडतं, कधीकधी जास्तच, म्हणून वीस-पंचवीस जणींचे पैसे गोळा करायचे, एका शीटवर कुणाला कुठलं व्हर्जन, कुणाचा बायस म्हणजे लाडका मेंबर कोण, कुणी फक्त कार्ड घेतंय आणि कुणाला पोस्टर पण हवंय हे सगळं लिहायचं, आणि एक मोठा बॉक्स मागवायचा. बॉक्स इंचॉनवरून निघतो तो मजेत निघतो, ट्रॅकिंग पटापट सरकतं, आणि मुंबईत उतरला की कस्टममध्ये जाऊन बसतो. ड्युटी किती लागेल ते आधी नक्की सांगता येत नाही. मग ती आली की परत सगळ्यांना मेसेज, बायांनो अजून एवढे एवढे टाका. त्यात कुणीतरी अकरावीतली मुलगी असते जिने क्लासच्या येण्याजाण्याच्या पैशातून साठवलेले असतात, ती लिहिते ताई पुढच्या आठवड्यात दिलं तर चालेल का, आणि मी म्हणते चालेल. मग रविवारी जेवणं झाल्यावर डायनिंग टेबल पुसून कोरडं करायचं, पंखा बंद करायचा कारण कार्ड उडतात, हात धुऊन बसायचं, एकेक कार्ड स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, कडेला पेपर टेप, कोपऱ्यावर डेंट असेल तर फोटो काढून आधीच सांगायचं, मग बबल रॅप, मग वहीतल्या पत्त्यावरून कुरियर, एक लातूरला, एक कणकवलीला, एक मडगावला. आई विचारते याचे तुला किती मिळतात. काही नाही मिळत. खरंतर प्रत्येक वेळी माझेच थोडे जातात कारण टेपचे आणि बबल रॅपचे मी धरत नाही.

आणि हे आमच्या एकट्या ग्रुपचं नाही, नागपुरात आहेत, गुवाहाटीत आहेत, कोचीत आहेत, प्रत्येक शहरात अशी एखादी मुलगी असतेच. तुमचं भारतातलं गोडाऊन, तुमचं डिस्ट्रिब्युशन, तुमचं कस्टमर केअर हे या मुली बिनपगारी चालवतायत. यात फ्रॉडही होतात, पैसे घेऊन गायब झालेले लोक आहेत, आणि तेव्हा रडत आलेल्या मुलीला समजवायला तुमच्यातलं कुणी नसतं. तुम्ही इथे ऑफिशियल माल नीट ठेवला असता तर हा धंदाच उभा राहिला नसता.

यात अजून एक गंमत आहे जी बाहेरच्यांना सांगितली की त्यांना वेड लागल्यासारखं वाटतं. अल्बम कुठूनही घेतला तर चालत नाही, अल्बमची विक्री मोजणाऱ्या कोरियाच्या हान्तो चार्टला जोडलेल्या दुकानातूनच घ्यायचा, तरच पहिल्या आठवड्याच्या विक्रीत मोजला जातो. म्हणून लोक जिथे स्वस्त पडेल तिथून न घेता जिथे मोजलं जाईल तिथून घेतात. काही जण तर घेतात आणि मागवतच नाहीत, शिपिंग परवडत नाही म्हणून अल्बम तिकडेच सोडून देतात, कुणाला तरी दान करा म्हणतात. ज्या वस्तूला आपण कधी हात लावणार नाही तिचे पैसे भरलेत, कशासाठी, तर तुमच्या प्रेसनोटमध्ये ‘मिलियन सेलर’ लिहून यावं म्हणून.

आता वेळेचं घ्या. २०१७ नंतर बरीच वर्षं गाणी संध्याकाळी सहाला यायची, कारण कोरियन चार्टचं गणित तसं होतं. आपल्याकडे दुपारी अडीच. मग हळूहळू मोठ्या ग्रुप्सची गाणी शुक्रवारी दुपारी एकला यायला लागली. का? तर तेव्हा न्यूयॉर्कला, उन्हाळ्यातल्या वेळेप्रमाणे, मध्यरात्र असते आणि बिलबोर्ड या अमेरिकन चार्टचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. मला तक्रार नाही, आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ, मी लोकलमध्ये असते, दारात लटकून नवीन गाणं ऐकण्यात पण मजा आहे, नेटवर्क मुलुंड ते घाटकोपर बरं असतं. पण एवढं कळतं की अमेरिकेसाठी तुम्ही घड्याळ हलवू शकता. म्हणजे हलवता येतं. फक्त कुणासाठी ते ठरलेलं आहे.

हायबच्या वीव्हर्स या फॅन ॲपच्या मेंबरशिपमध्ये पण तेच. अमेरिकेची वेगळी, जपानची वेगळी, आणि उरलेल्या सगळ्या पृथ्वीची एक ‘ग्लोबल’. ती घेतली की कॉन्सर्टच्या तिकिटाचा प्रीसेल मिळतो. अहो पण कुठल्या कॉन्सर्टचा? लग्नाला बोलवायचं नाही आणि आहेराचं पाकीट मात्र वेळेवर पोचलं पाहिजे, असा हा प्रकार झाला.

व्ह्यूजचं तर बोलायलाच नको पण बोलते. युट्यूब वापरणारे सगळ्यात जास्त लोक भारतात आहेत. २०१९ ची गोष्ट आठवतेय का, एप्रिलमध्ये बीटीएसच्या गाण्याने चोवीस तासात ७ कोटी ४६ लाख व्ह्यूजचा रेकॉर्ड केला आणि जुलैमध्ये आपल्या बादशाहच्या गाण्याने साडेसात कोटींचा दावा करून तो मोडला म्हणून जाहीर झालं, मग कळलं की जाहिराती विकत घेऊन व्ह्यूज आणलेत, त्याने ते लपवलं पण नाही, आणि सप्टेंबरमध्ये युट्यूबने नियमच बदलला की जाहिरातीतले व्ह्यूज चोवीस तासांच्या रेकॉर्डमध्ये धरणार नाही. तेव्हा इथल्या आर्मीची, म्हणजे बीटीएसच्या फॅन्सची, काय अवस्था होती विचारा. एका बाजूला ऑफिसमधले लोक म्हणतायत बघ आपल्या माणसाने तुझ्या कोरियन पोरांना हरवलं, दुसऱ्या बाजूला आम्हाला माहितीये की आमचा एकेक व्ह्यू हाताने केलेला आहे. हाताने म्हणजे कसा, तर लूप लावायचं नाही, म्यूट करायचं नाही, क्वालिटी ४८० च्या खाली न्यायची नाही, मध्ये दोन दुसरे व्हिडिओ बघायचे, मग परत सर्च करून यायचं, लिंकवरून नाही. यातलं खरं किती आणि फॅन्समधलं लोकसाहित्य किती देव जाणे, पण पोरी दीड जीबीच्या डेटापॅकवर हे करतात. आणि दुसऱ्या दिवशी तुमचं ग्राफिक येतं, चोवीस तासात इतके कोटी, थँक यू. त्या इतके कोटीमध्ये आमचे किती ते तुमच्याकडे देशवार लिहिलेलं असतं. आम्हाला कधी सांगितलंत?

हां, मला माहितीये तुमचा कुणीतरी एक्सेलवाला काय म्हणणार. भारतातल्या एका व्ह्यूला अमेरिकेतल्या व्ह्यूइतका जाहिरातीचा पैसा मिळत नाही, स्ट्रीमिंगचं सबस्क्रिप्शन स्वस्त, अल्बम घेणारे थोडे, निर्यातीच्या यादीत वर जपान, अमेरिका, चीन. बरोबर आहे, खोटं नाही. जपानी फॅन पंधरा हजार रुपयांचं तिकीट काढून तीन शो बघते, आमच्यातल्या निम्म्या मुलींना एका शोसाठी घरी महिनाभर आधी वातावरण तयार करावं लागेल. पण मग तुम्ही आम्हाला गिऱ्हाईक म्हणून मोजता तेव्हा आम्ही गरीब, आणि रेकॉर्ड म्हणून मोजता तेव्हा आम्ही ग्लोबल, हे दोन्ही एकाच वेळी कसं चालेल? एक काहीतरी ठरवा.

पैशापेक्षा मला जास्त लागतं ते ऐकून घेण्याचं. इथे थोडं सविस्तर लिहिते.

२०११ साली एसएमने पॅरिसमध्ये शो ठेवला होता, जूनमध्ये. तिकिटं काही मिनिटांत संपली. मग तिथल्या फॅन्सनी काय केलं, मे महिन्यात लुव्र म्युझियमच्या त्या काचेच्या पिरॅमिडसमोर जमून नाचले, अजून एक शो द्या म्हणून. आणि तुम्ही दिलात! दुसरा शो वाढवला. मला ही गोष्ट फार आवडते, खरंच, त्यात तुम्ही पण छान दिसता. पोरांनी मागितलं, कंपनीने ऐकलं.

आता २०२४ चं बघा. एसएमचाच राइझ ग्रुप, त्यातला सुंगहान. डेब्यूच्या आधीचे त्याचे खाजगी फोटो लीक झाले म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरात त्याला बाजूला बसवला. ११ ऑक्टोबर २०२४ ला तुम्ही म्हणालात तो परत येतोय. कोरियातल्या फॅन्सच्या एका गटाने सोलमधल्या सोंगसूच्या तुमच्या ऑफिससमोर मयताला पाठवतात तसले फुलांचे हार पाठवले, एक दोन नाही, पूर्ण फुटपाथ भरून, आणि त्यावर जिवंत पोराबद्दल काय काय लिहिलेलं होतं ते मी इथे लिहीत नाही. १३ ऑक्टोबरला त्याने ग्रुप सोडला. दोन दिवस! बाहेरच्या देशांतले फॅन्स तेव्हा जवळपास एका आवाजात सांगत होते की त्याला ठेवा, सात जणांचाच ग्रुप राहू दे, हॅशटॅग चालले, बॉयकॉट चालले, ईमेल गेले. काय झालं त्याचं? काही नाही. पुढे २०२५ मध्ये तुम्ही त्याला वेगळं नाव देऊन वेगळं उभं केलंत, तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी राइझची काही डायहार्ड फॅन नाही. पण ते दोन दिवस मी फोनला चिकटून होते कारण मला बघायचं होतं की बाहेरच्या लाखो लोकांचं वजन किती. उत्तर मिळालं. लुव्रसमोर नाचणारे कॅमेऱ्यात दिसले, हार तुमच्या दारात होते, येताजाता ओलांडून जावं लागत होतं. आम्ही स्क्रीनवर असतो, स्क्रीन बंद करता येते. जो तुमच्या दाराशी येऊन उभा राहतो त्याचं तुम्ही ऐकता, मग तो शहाणा असो नाहीतर अजून काही. म्हणून तर हल्ली परदेशातले फॅन्स पैसे गोळा करून सोलमध्ये एलईडीचे ट्रक भाड्याने घेतात आणि तुमच्या बिल्डिंगसमोर उभे करतात. स्वतः जाता येत नाही म्हणून ट्रक पाठवायचा! ज्या इंडस्ट्रीकडे फॅनशी चोवीस तास बोलायचं ॲप आहे, दर महिन्याला पैसे भरून आयडॉलचे मेसेज मिळतात असं दुसरं ॲप आहे, तिथे फॅनला स्वतःचं म्हणणं सांगायला ट्रक भाड्याने घ्यावा लागतो यात तुम्हाला काहीच विचित्र वाटत नाही का?

आणि कोरियन फॅन्सना पण मी दोष देत बसणार नाही सरसकट, त्यांची पण तुमच्यावर हीच तक्रार असते, की कमबॅक झाला म्हणजे नवीन अल्बम आला, दोन आठवडे तोंड दाखवलं आणि निघाले वर्ल्ड टूरला, घरचे विसरले. म्हणजे घरच्यांना वाटतं बाहेरच्यांचे लाड होतायत, बाहेरच्यांना वाटतं घरच्यांचं राज्य आहे. दोघांचे पैसे मात्र एकाच गल्ल्यात.

गणपतीचं बोलल्याशिवाय मराठी माणसाचं पत्र पूर्ण होणार नाही. जून २०२०, ब्लॅकपिंकचा व्हिडिओ आला, सगळे खूश, आणि कुणीतरी पॉज करून दाखवलं की सेटवर गणपतीची मूर्ती खाली जमिनीवर ठेवलीये, सजावटीचं सामान असल्यासारखी. आमच्या घरात बाप्पाचं ताट ठेवायचं असलं तरी आधी पाट शोधतात. इथल्या ब्लिंक्सनी, म्हणजे ब्लॅकपिंकच्या फॅन्सनी, सभ्य भाषेत लिहिलं, काढा, आम्हाला बरं नाही वाटलं. काही दिवसांनी मूर्ती व्हिडिओतून गायब झाली, गुपचूप एडिट करून. काढली हे चांगलंच केलं. पण भारतातल्या फॅन्सना उद्देशून दोन ओळी लिहायला काय हरकत होती, की आमच्या लक्षात नाही आलं, तुम्ही सांगितलंत, बदललं. एवढ्यावर आमचे लोक विरघळले असते, आम्ही काही भांडकुदळ नाही. उलट पुढचे आठ दिवस या बिचाऱ्या पोरींनी दोन्हीकडून ऐकून घेतलं, इकडून नातेवाईक म्हणाले हेच का तुमचे कोरियन, तिकडून परदेशी फॅन्स म्हणाले किती सेन्सिटिव्ह आहात, साधा प्रॉप तर आहे.

आता येण्याजाण्याचं. हा विषय निघाला की माझा आवाज चढतो.

बीटीएसने २०१३ पासून जग पालथं घातलं, भारतात एक कॉन्सर्ट नाही. ब्लॅकपिंकच्या २०२२-२३ च्या टूरमध्ये बँकॉक, जकार्ता, मनिला, क्वालालंपूर, सिंगापूर, अबू धाबी, रियाध, विमान आमच्या डोक्यावरून गेलं. २०२५ ला परत निघाल्या, परत तेच. आधी म्हणायचे भारतात जागा नाही, एवढा मोठा शो झेपायचा नाही. ठीक. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेने नवी मुंबईत डीवाय पाटीलला तीन आणि अहमदाबादला दोन शो केले, त्याच महिन्याअखेर एड शीरन पुण्यात गाऊन गेला आणि पुढे शिलाँगपर्यंत गेला, त्याआधी दुआ लिपा बीकेसीत. सगळं झेपलं. ट्रॅफिक जाम झालं, पाण्याची बाटली शंभर रुपयाला विकली, पण झेपलं. गॉट सेव्हन ग्रुपमधला जॅक्सन वँग २०२३ च्या जानेवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा फेस्टिव्हलला आला तेव्हा मी गर्दीत होते, दुपारपासून उन्हात उभ्या असलेल्या मुली, काही जणी तर इंफाळवरून आणि ऐझॉलवरून आलेल्या, आणि तो येईपर्यंत एक जण जागेवरून हलली नाही, टॉयलेटला सुद्धा नाही. तो तोपर्यंत स्वतःच्या कंपनीचा मालक झाला होता. कोरियन कंपनीच्या छत्रीखाली असता तर आला असता का, मला शंका आहे.

नॉर्थईस्टच्या मुलींचं नाव निघालं म्हणून सांगते, तुमचे भारतातले सगळ्यात जुने फॅन्स मणिपूरचे. २००० साली तिथल्या एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमावर बंदी घातली, मग लोक अरिरंग हे कोरियन चॅनल बघायला लागले, बाजारात कोरियन सीडी यायला लागल्या. तुमच्यातल्या एकाही कंपनीने तेव्हा तिथे एक पोस्टर सुद्धा लावलं नव्हतं. लोक स्वतःहून आले आणि पंचवीस वर्षं टिकले. असलं गिऱ्हाईक नशिबाने मिळतं हो.

आणि मार्च २०२२ चं विसरूच शकत नाही. सोलच्या स्टेडियममध्ये बीटीएसचा शो, कोविडच्या नियमामुळे समोर बसलेल्यांना ओरडायला बंदी, फक्त टाळ्या वाजवायच्या. आणि तोच शो जगभर थिएटरमध्ये दाखवला, आपल्याकडे पण, दुपारी. थिएटरमध्ये आम्ही इतकं ओरडलो की शेजारच्या स्क्रीनमधला मॅनेजर बघायला आला काय झालं. लाइटस्टिक, म्हणजे शोमध्ये हलवायचा ग्रुपचा दिवा, सगळ्यांकडे नव्हत्या, तर काहींनी मोबाईलच्या टॉर्चवर जांभळा जिलेटिन पेपर लावून आणला होता, तोच जो शाळेत प्रोजेक्टला वापरतात. त्या एका दाखवण्यातून जगभरात ३ कोटी २६ लाख डॉलर जमले. त्यात आमची तिकिटं आहेत. गाणारे साडेपाच हजार किलोमीटरवर, आणि एकाही मुलीला वाटत नव्हतं की आपण सिनेमा बघतोय.

आता नवीन बातमी. सप्टेंबर २०२५ मध्ये हायबने मुंबईत ऑफिस उघडलं. हायब इंडिया. वाचून आधी मी किंचाळले, मग ट्रेनमधल्या बायकांनी बघितलं म्हणून गप्प बसले. मग नीट वाचलं. तुम्हाला इथलं टॅलेंट शोधायचंय, इथल्या पोरांना तुमच्या पद्धतीने ट्रेन करून इथले आर्टिस्ट उभे करायचेत. चांगलं आहे. राउरकेलाची श्रिया लेंका २०२२ मध्ये ब्लॅकस्वान या कोरियन ग्रुपमध्ये गेली तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, आणि हायबच्या कॅटसाय ग्रुपमधली भारतीय वंशाची लारा राज कपाळाला टिकली लावून स्टेजवर येते तेव्हा माझी मावशी, जिला एक शब्द कळत नाही, ती पण थांबून बघते. तर करा, ऑडिशन घ्या, आमच्या पोरींना घ्या.

पण ऑफिस उघडलंय तर आता दार मुंबईत आहे, आणि मग माझा मुद्दा सोपा होतो. स्क्रीनवरचे आम्ही आता लोकलने येऊ शकतो. हार घेऊन नाही येणार, घाबरू नका. पण बोलावून तर बघा. वर्षातून दोनदा पंधरा-वीस जीओ मॅनेजर बोलवा, फॅनक्लब चालवणाऱ्या मुली बोलवा, चहा पाजा आणि विचारा की इथे काय अडतं. आम्ही मार्केट रिसर्चचे पैसे पण मागणार नाही. आम्ही सांगू की भिवंडीत एक गोडाऊन घ्या, अल्बम एकगठ्ठा आणा, ड्युटी एकदाच भरा, इथल्या रुपयात किंमत लावा आणि हान्तोला मोजा, बघा विक्री कुठे जाते. आम्ही सांगू की मेंबरशिपची किंमत डॉलरमध्ये एकच ठेवून चालत नाही, बाकीचे ॲप भारताला वेगळा दर देतात, तुम्हाला काय झालं. आम्ही सांगू की व्हिडिओत देव, टिकली, साडी, कढी काय वापरायचं असेल ते आधी इथे कुणाला तरी दाखवा. आणि हो, नवा भारतीय ग्रुप काढलात म्हणून जुन्या फॅन्सचा हिशोब मिटला असं समजू नका. बायसची जागा बायसनेच भरते असं नसतं.

आम्ही फुकटे पण नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी देश वणवण फिरत होता तेव्हा इथल्या आर्मीने एका दिवसात वीस लाखांच्या वर जमवले होते, शंभर-शंभर, दोनशे-दोनशे रुपये करून, तुमच्या ग्रुपच्या नावाने. त्या यादीत तुमचं नाव मोठं झालं, आमची नावं तर कुणाला माहीत पण नाहीत, आणि कुणाला त्याचं काही वाटलं पण नाही. ज्या मुली अशा वेळी पैसे काढू शकतात त्या तिकिटाला पण काढतील, फक्त पहिल्या शोचं तिकीट तीस हजारापासून सुरू करू नका, मागे उभं राहायची जागा स्वस्त ठेवा, ती सगळ्यात आधी संपेल आणि सगळ्यात जास्त आवाज तिथूनच येईल.

शेवटचं, कामाचं. यायचं ठरवलंत तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी मध्ये या. मे मध्ये नको, तुमची पोरं चक्कर येऊन पडतील, आणि जून ते सप्टेंबर उघड्या मैदानाचा विचार सोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीचे आणि दहावीचे पेपर असतात, त्या तारखा बघून ठरवा, नाहीतर अर्धी जनता घरात कोंडलेली असेल आणि आमच्या नावाने आयांचे शिव्याशाप तुम्हाला लागतील. डीवाय पाटीलला घेतलंत तर नेरूळ स्टेशनवरून चालत येता येतं, रात्री शो दहाला संपवा म्हणजे कल्याण-कर्जतवाल्यांना शेवटची गाडी मिळेल. आणि तारीख निदान दोन महिने आधी जाहीर करा, आम्हाला सुट्ट्या टाकायच्या असतात.

उत्तर कोरियनमध्ये पाठवलंत तरी चालेल, आमच्यातल्या तिघी-चौघी शिकल्यात आता.

कळावे, लोभ असावा.

एक फॅन,
ठाणे (पश्चिम)